जनुकाचे इंजेक्शन आणि पाय वाचण्याची आशा

पायांच्या धमन्या अरुंद होऊन रक्तपुरवठा इतका खालावतो की विश्रांती घेतानाही वेदना थांबत नाहीत आणि बोटांवरच्या जखमा चिघळत राहतात, तेव्हा रुग्णाच्या घरात एक समज हमखास ऐकू येतो : पोटरीत जनुकाचे इंजेक्शन दिले की नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाय कापावा लागत नाही.

या समजाचा पूर्वार्ध निराधार नाही. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूंत वाढवता येणारे डीएनएचे वर्तुळाकार कडे. रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्यात बसवून ते विषाणूच्या वाहनाशिवाय थेट स्नायूत टोचता येते आणि काही स्नायूपेशी ते प्रथिन बनवू लागतात. बोस्टनमध्ये जेफ्री इस्नर यांच्या गटाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या नऊ रुग्णांच्या अभ्यासात नव्या वाहिन्या दिसल्या, जखमाही सुधारल्या. मात्र तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट त्यात नव्हता.

उत्तरार्ध मात्र पुराव्यावर टिकत नाही, आणि तरीही तो ठामपणे सांगितला जातो, हे संतापजनक आहे. अशाच एका प्लाझ्मिड औषधाच्या ‘टॅलिस्मान’ या छोट्या चाचणीत पाय कापण्याचे प्रमाण घटलेले दिसले, परंतु जखम भरणे हा जो मुख्य निकष आधी ठरवला होता त्यात फरक पडला नव्हता. तेच औषध ‘तामारिस’ या चाचणीत ३० देशांतील ५२५ रुग्णांवर तपासले गेले. ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली आलेल्या निष्कर्षानुसार, वर्षभरात मृत्यू किंवा मोठा अवयवच्छेद घडलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३६ टक्के, तर प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेले इंजेक्शन, घेणाऱ्यांत ३३ टक्के होते. जपानने २०१९ मध्ये ‘कोलॅटेजीन’ या दुसऱ्या प्लाझ्मिड औषधाला सशर्त मान्यता दिली, तीही जखमांपुरती; पुढील वापरात आधीचा परिणाम पुन्हा न दिसल्याने २०२४ मध्ये कंपनीने पूर्ण मान्यतेचा अर्ज मागे घेतला. मुख्य धमनी बंद असताना कोवळ्या सूक्ष्म वाहिन्या वाढल्या तरी त्यांतून पावलापर्यंत पुरेसे रक्त पोहोचेलच असे नाही. रशियात असे एक औषध २०११ पासून मान्य आहे, परंतु एका देशाची मान्यता म्हणजे पाय वाचण्याची हमी नव्हे. या आशेवर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा निर्णय लांबवला, तर दरम्यान गँगरीन वर सरकते आणि वाचू शकणारा पाय हातचा जातो.

इतर समज थोडक्यात निकाली निघतात. प्लाझ्मिड सामान्यतः पेशीच्या गुणसूत्रांत मिसळत नाही आणि स्नायूतील त्याचे काम काही आठवड्यांत ओसरते, त्यामुळे वंशपरंपरा बदलण्याची भीती अनाठायी आहे. विषाणू नाही म्हणजे धोकाच नाही, हेही खरे नाही; पायाला सूज येऊ शकते, आणि वाहिन्यांची वाढ कर्करोगाला किंवा मधुमेही दृष्टिपटलविकाराला पोसेल या शंकेने असे रुग्ण अनेक चाचण्यांतून वगळले जातात. मूलपेशींचे उपचार हे जनुकोपचार नव्हेत. आणि तंबाखू चालूच ठेवून इंजेक्शनाने धमन्या मोकळ्या होतील, या अपेक्षेला तर कोणताही आधार नाही.