आपली तारीख कधीची?

दिवाळी आटोपली की जळगाव-धुळ्याच्या हौशी रंगकर्मींमध्ये एकच चौकशी सुरू होते : ‘आपली तारीख कधीची?’ महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचं वेळापत्रक तोवर आलेलं असतं. सांस्कृतिक कार्य संचालनालय ही फेरी राज्यभरातल्या केंद्रांवर घेतं. खान्देशासाठी जळगावचं केंद्र. रोज संध्याकाळी एका संस्थेचं नाटक, दुसऱ्या दिवशी दुसरीचं, असा हा मोसम चालतो. कापसाची वेचणी चालू असते, रात्री गारठा वाढलेला असतो, गावोगाव वांग्याच्या भरिताच्या पार्ट्या झडत असतात, आणि एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून रात्री साडेआठनंतर तालमी चालू असतात.

मुंबई-पुण्यात नाटक रोजचं आहे. वर्तमानपत्र उघडलं की जाहिराती दिसतात, तिकीट काढलं की काम झालं. जिल्ह्याच्या गावात तसं नाही. व्यावसायिक नाटक दौऱ्यावर येतं, एक प्रयोग करतं आणि रात्रीच पुढच्या गावाला निघतं. या मातीतली माणसं स्वतः लिहितात, बसवतात, उभं करतात ते नाटक बहुतांशी स्पर्धेसाठीच होतं. ‘स्पर्धेची नाटकं परीक्षकांसाठी असतात’ ही टीका मी अनेकदा ऐकली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण ती करणाऱ्यांनी जळगावात किंवा धुळ्यात नाटक उभं करून पाहावं. वीस माणसांना दोन महिने रोज रात्री एका जागी आणायचं तर केवळ आवड पुरत नाही. तारीख लागते. स्पर्धा ती तारीख देते.

या स्पर्धेने मराठी नाटकाला काय दिलं हे वेगळं सांगायला नको, तरी दोन नावं घेतोच. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये ‘रंगायन’ने उभं केलं ते राज्य नाट्य स्पर्धेसाठी. ‘घाशीराम कोतवाल’ 1972 मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने बसवलं, तेही स्पर्धेच्याच निमित्ताने. ‘घाशीराम’चे दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने डॉक्टर होते, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशेही डॉक्टर. दिवसा नोकरी-व्यवसाय आणि रात्री नाटक, ही हौशी रंगभूमीची जुनी रीत. करोनामुळे स्पर्धेत खंड पडला, तेव्हा साठावी स्पर्धा 2022 च्या सुरुवातीला झाली आणि एकसष्टावी त्याच वर्षाच्या अखेरीस. एकाच वर्षात दोनदा नाटक बसवायला संस्था तयार झाल्या, यावरून ही माणसं तारखेची किती वाट बघतात ते कळावं.

खान्देशातला संघ म्हणजे शाळेतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, विम्याचं काम करणारा, महावितरणमधला, मेडिकल स्टोअर चालवणारा, कॉलेजातली चार मुलं. संहिता निवडली की लेखकाची लेखी परवानगी आणायची. नवी संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र काढायचं. प्रवेशअर्ज मुदतीत भरायचा. ही कागदपत्रं सांभाळणारा माणूस प्रत्येक संस्थेत एकच असतो. तो बहुधा रंगमंचावर दिसत नाही, पण तो एक वर्ष आजारी पडला तर संस्थेचं नाटक त्या वर्षी होत नाही. पैशाचंही तसंच. सरकारकडून निर्मितीखर्चाला हातभार मिळतो, पण टेम्पोवाला, सुतार आणि लाइटवाला यांना रोख द्यावं लागतं. ते पैसे आधी वर्गणीतून आणि मग कोणाच्या तरी खिशातून येतात.

स्त्री-भूमिकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तालीम रात्री साडेदहा-अकराला संपते. लग्न झालेली, मूल लहान असलेली, सकाळी सातची शाळा असलेली बाई दोन महिने येते तेव्हा तिच्यामागे तिचं सगळं घर राबत असतं. सासूने पोराला झोपवलेलं असतं, नवऱ्याने डबा गरम करून खाल्लेला असतो. तालमीनंतर तिला घरापर्यंत सोडायला दोघं जण जातात, दाराचा दिवा लागल्याशिवाय परत फिरत नाहीत. हे कुठल्याही नियमावलीत नाही. पण ज्या संस्था हे कसोशीने पाळतात त्यांना दरवर्षी अभिनेत्री मिळतात. ज्या पाळत नाहीत त्यांना दोन पुरुष पात्रांची संहिता शोधत बसावं लागतं.

प्रयोगाचा दिवस बघावा तो मागच्या दारातून. जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह महाबळ भागात आहे. धुळ्याचा संघ असेल तर टेम्पो बहुधा पहाटेच निघतो. पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर. टेम्पोत फ्लॅट उभे लावलेले, मध्ये गाद्या कोंबलेल्या, वर लेव्हल आणि जिन्याच्या पायऱ्या, आणि त्या सगळ्यावर हात ठेवून बसलेली दोन पोरं. सामान उतरलं की पहिलं काम खडूचं. नेपथ्यकार कागद हातात धरून रंगमंचाची मध्यरेषा काढतो आणि दार कुठे, खिडकी कुठे, पलंगाचे पाय कुठे, याच्या खुणा करतो. शाळेच्या वर्गात तालीम करताना जे दार चार पावलांवर होतं ते इथे सात पावलांवर जातं. नटांना ती सात पावलं दुपारीच चालून बघावी लागतात, नाहीतर रात्री वाक्य संपतं आणि माणूस अजून दारापाशी पोहोचलेला नसतो.

मग फ्लॅट उभे राहतात. मागून लाकडी टेकू, टेकूवर वजन, खिळा ठोकायचा तो असा की रात्री उपटता आला पाहिजे. शिडीवर चढलेला मुलगा पार आणि स्पॉट फिरवतो, खालून प्रकाशयोजनाकार ओरडतो, ‘अजून खाली, भो, अजून! बास, तिथंच ठेव.’ जिलेटिनचा अंबरी कागद उन्हासाठी, निळा रात्रीसाठी. डिमरपाशी बसणाऱ्याच्या संहितेत समासात पेन्सिलने आकडे लिहिलेले असतात. नटाचा हात दिव्याच्या बटणाकडे जातो आणि हा त्याच क्षणी चकती फिरवतो. अर्धा सेकंद उशीर झाला तर प्रेक्षक हसतात आणि दोन महिन्यांची मेहनत त्या हशात जाते. म्हणून हा क्यू दुपारी दहा वेळा घेतात. कोणी कंटाळत नाही. मला हौशी माणसाबद्दल खरा आदर वाटतो तो याच वेळी. त्याला हे काम चुकलं तर पगार कापला जाणार नसतो, बरोबर आलं तर वाढणार नसतो.

चारला रंगभूषा सुरू होते. सातला घंटा. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, तिसरी घंटा होते. अंधारात परीक्षक मध्यभागी बसलेले असतात, समोर छोटं टेबल, त्यावर झाकलेला दिवा. आजूबाजूला बाकीच्या संस्थांची मंडळी, नातेवाईक, आणि वर्षानुवर्षं न चुकता येणारे निवृत्त मास्तर. हे मास्तर प्रेक्षक फार मोलाचे. मागच्या पंचवीस वर्षांत कोणत्या संस्थेने काय केलं हे त्यांना तोंडपाठ असतं आणि मध्यंतरात ते चहाच्या कपावर ते नव्या पोरांना सांगतात.

पडदा पडल्यावर दुसरा अंक सुरू होतो तो नेपथ्य मोडण्याचा. सकाळी दुसरी संस्था येणार, त्यामुळे मंच रात्रीच मोकळा करायचा. ज्याने आताच म्हाताऱ्या बापाची भूमिका करून लोकांना रडवलं तो खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत पुसत फ्लॅटचं एक टोक धरतो. दुसरं टोक दिग्दर्शकाच्या हातात असतं.

या सगळ्याच्या वर केंद्राचा समन्वयक आणि सहसमन्वयक. हे स्थानिक रंगकर्मीच असतात. परीक्षकांची ने-आण, जेवण, तिकिटांचा हिशेब, वीज गेली तर जनरेटर, पडद्याची दोरी अडकली तर शिडी, असं सगळं त्यांच्याकडे. एक कठीण गोष्ट त्यांना सांभाळावी लागते : ज्या माणसांबरोबर वीस वर्षं नाटक केलं त्यांच्याशी या दिवसांत समान अंतर राखायचं. एका संस्थेला मांडणीसाठी अर्धा तास जास्त दिला तर दुसरीला तेवढाच द्यावा लागतो. परीक्षकांसोबत चहा प्यायला कोणाला बोलवायचं नाही. निकाल लागला की नाराजी असतेच, पण ती परीक्षकांवर राहिली आणि केंद्रावर आली नाही, तर समन्वयकाने काम नीट केलं असं समजावं.

निकालही नीट वाचण्यासारखा असतो. पहिल्या येणाऱ्या नाटकाला अंतिम फेरीचं दार उघडतं, पण दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा यांनाही स्वतंत्र पारितोषिकं असतात, अभिनयाला रौप्यपदकं आणि गुणवत्ता प्रमाणपत्रं. शिडीवरच्या माणसाचं नाव छापून येण्याची ही जवळजवळ एकमेव जागा. अशी प्रमाणपत्रं मी अनेक घरांत दर्शनी भिंतीवर चौकटीत लावलेली पाहिली आहेत.

हौशी रंगभूमीला माणसं कुठून मिळतात, हे बघायचं तर ‘युवारंग’ बघायला हवं. जळगावच्या विद्यापीठाचा हा युवक महोत्सव. 15 ऑगस्ट 1990 ला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला पुढे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची महाविद्यालयं त्याच्या कक्षेत येतात. यजमान कॉलेज बदलत राहतं आणि त्या दिवसांत ते कॉलेज ओळखू येत नाही. वर्गात गाद्या, जिन्यात घुंगरू बांधणाऱ्या मुली, व्हरांड्यात पेटीचा सूर लावून बसलेलं पोर, आणि गळ्यात बिल्ला अडकवून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं इकडून तिकडे पळत असतात.

इथे वेळ हीच मोठी शिस्त. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांचे नियम देशभर साधारण एकसारखे आहेत. एकांकिका 30 मिनिटांत, प्रहसन 10 मिनिटांत, मूकनाट्य 5 मिनिटांत. एकांकिकेला मंचावर नऊ जण आणि मागे तिघं. स्टॉपवॉच धरून बसणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असते, आणि तिने इशाऱ्याची घंटा वाजवली की भल्या भल्या कॉलेजांचे प्राध्यापक तिच्यापुढे हात जोडतात. ती ऐकत नाही, ऐकूही नये. राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवात पुढे हाच काटा असतो. तिथे गुण कापले जाण्यापेक्षा इथे कापलेले बरे.

‘युवारंग’चं खरं धन मला लोककलांच्या मंचावर दिसतं. नंदुरबारकडची पावरा-भिल्ल पोरं ढोल घेऊन उतरतात. साक्रीकडच्या कोकणा घरातला मुलगा पावरी घेऊन येतो. भोपळ्यापासून केलेलं हे फुंकवाद्य त्याने गुरूकडून कॉलेजात शिकलेलं नसतं, मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वडिलांच्या मागे नाचत शिकलेलं असतं. रात्र रात्र चालणारं ते वादन त्याला दहा मिनिटांत बसवायचं असतं. वही गायनाचंही तेच. कानबाईच्या गाण्यांची, आख्यानांची ही खान्देशी परंपरा लांबण लावून गाण्याची. स्पर्धेत तिला कात्री लागते, हे खरं आहे. पण कॉलेजच्या मंचावर अहिराणी उच्चार कानावर पडतात तेव्हा सभागृहातली पोरं उठून टाळ्या वाजवतात, हेही तितकंच खरं आहे. एके काळी परीक्षक पुण्याचे, म्हणून नटांना आपली बोली घरी ठेवून यावं लागायचं. आता जळगावच्या ‘परिवर्तन’सारख्या संस्थेचं ‘नली’ हे एकलनाट्य जिल्ह्याबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत जातं, तेव्हा इथल्या पोरांना घरचं बोलणं मंचावर चालतं याचा पुरावा मिळतो.

संगीताचा धागा जुना आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावात होते आणि इथे मेहबूब खान यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. गावातलं खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. कै. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान दरवर्षी जानेवारीच्या सुमारास बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं. तो स्पर्धेचा नाही, मैफलींचा महोत्सव, पण तिथेही खुर्च्या मोजणारे आणि कलाकारांना स्टेशनवर घ्यायला जाणारे हात पुष्कळदा नाटकवाल्यांचेच. छोट्या गावात स्वयंसेवकांचे दोन संच नसतात.

मला सर्वात जास्त सलतं ते प्रयोगानंतरचं. प्राथमिक फेरीत पहिलं न आलेलं नाटक बहुधा एकाच प्रयोगात संपतं. फ्लॅट कोणाच्या तरी गोठ्यात जातात, पुढच्या वर्षी त्यांच्यावर नवा रंग चढतो. दोन महिन्यांचं काम जास्तीत जास्त हजारभर माणसं बघतात. चोपडा, पारोळा, शिरपूर, दोंडाईचा इथल्या लोकांनी ते बघितलेलंच नसतं. दिग्दर्शकांनी बसवतानाच दोन नेपथ्यं डोक्यात ठेवावीत : एक स्पर्धेचं, दुसरं एका छोट्या टेम्पोत मावेल आणि शाळेच्या सभागृहात सहा दिव्यांवर उभं राहील असं. तालुक्याच्या वाचनालयांनी आणि कॉलेजांनी जागा आणि रात्रीचं जेवण द्यावं, संस्थांनी डिझेल घालावं. डिसेंबरात निकाल लागतो, मार्चपासून परीक्षा आणि उन्हं. मधले आठ-दहा शनिवार मोकळे असतात, आणि पाठांतर तोवर पक्कं असतं.