मागच्या चाकावरचा प्रवासी

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स या वस्तीची आखणी इंग्रजी अंमलात झाली ती साहेबलोकांच्या बंगल्यांसाठी आणि कचेऱ्यांसाठी. आणि त्या आखणीतील ऐसपैसपणा, म्हणजे रुंद रस्ते, दुतर्फा जुने वृक्ष आणि मागे दूर सरकलेली कुंपणे, आजही इतका शिल्लक आहे की, पचपेढीच्या बाजूस सकाळी सायकल काढणाऱ्या गृहस्थाच्या मनात आपल्या दीड-दोन वर्षांच्या अपत्यालाही बरोबर घ्यावे असा विचार आला, तर त्यास कोणी अविचारी म्हणू नये. स्टेशनाकडचा रस्ता आणि सदर बाजार यांची गोष्ट निराळी. तेथे ऑटोरिक्षांच्या गर्दीत मोठ्या माणसाचीच त्रेधा उडते. परंतु आतल्या रस्त्यांवर मूल मागे बसवून फिरणे ही शक्य कोटीतील गोष्ट आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहिलेल्या मराठी घरांतून आता तशी चौकशीही होऊ लागली आहे. ही चौकशी मात्र बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. आसन कोणते चांगले, गादी मऊ आहे की नाही, रंग कोणता, किंमत किती, असे सर्व विचारून झाल्यावर, ते ज्या सायकलीवर बसवावयाचे ती सायकल त्या कामास लायक आहे काय, हा प्रश्न अगदी शेवटी येतो, किंवा येतच नाही. आणि दुकानदार तर ‘सबमें लग जाता है’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो.

पूर्वीच्या काळी या प्रश्नाचा निकाल दोन प्रकारे लागत असे. एक तर दांडीवर छोटीशी बैठक आवळून वडिलांच्या दोन्ही बाहूंच्या मध्ये मूल बसे. नाही तर मागच्या कॅरियरवर घडी केलेला टॉवेल टाकून त्यास बसवीत आणि ‘सदरा घट्ट धर’ एवढ्या ताकिदीवर सारा बंदोबस्त सोपवीत. पुण्यात ‘डबलसीट’ जाणाऱ्यास पोलिसाने अडवावे आणि दंड करावा, हा प्रकार जुन्या पुणेकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पण त्या कायद्याचा रोख मुलाच्या सुरक्षिततेपेक्षा रहदारीच्या शिस्तीकडे अधिक असावा असे मला वाटते. कॅरियरवर बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतात, आणि फिरत्या चाकाच्या आऱ्यांत टाच शिरली म्हणजे चाक तिला पुढे ओढून सांगाड्याच्या नळीवर दाबते. कातडी सोलून निघते, घोट्याचे हाड मोडू शकते, आणि टाचेमागील स्नायुबंधालाही इजा पोचते. अस्थिरोगाच्या ग्रंथांत या दुखापतीचा स्वतंत्र विचार केलेला आहे, यावरून ती किती नेहमीची आहे हे ध्यानात यावे. म्हणून मागच्या आसनाची परीक्षा पाठीपासून न करता पायांपासून करावी. दोन्ही बाजूंस पावलांच्या खालपर्यंत येणारी अखंड ढाल, वरखाली सरकणारे पायठाण आणि पाऊल अडकवून ठेवणारा पट्टा, या तीन गोष्टी ज्या आसनास नाहीत ते कितीही देखणे असले तरी त्याची शिफारस करता येणार नाही.

आता सायकलीकडे वळू. आपल्याकडील पुरुषांची जुन्या धाटणीची सायकल, म्हणजे आडव्या दांडीची, उंच चाकांची आणि लोखंडी गजांच्या ब्रेकची, हिच्यावर चढण्याची रूढ रीत अशी की, डावा पाय पायट्यावर ठेवून चार पावले सायकल ढकलावी आणि उजवा पाय मागून कॅरियरवरून फिरवून पलीकडे टाकावा. मागे मुलाचे आसन आले की ही रीत तत्क्षणी बाद होते, कारण पाय फिरवावयाचा तो नेमका मुलाच्या मस्तकाच्या उंचीवरून! मग पाय पुढून, दांडीवरून नेणे भाग पडते, आणि मागे पंधरा-वीस किलोंचे वजन डोलत असता ही कसरत करणे मध्यम उंचीच्या माणसास जोखमीचे आहे. तस्मात् लेडीज सायकल, अर्थात आडवी दांडी नसलेली, हीच या कामी योग्य होय. तीवर बसताना काही गृहस्थांस संकोच वाटतो, त्यांनी तो सोडावा. जपानात २००९ साली एका सायकलीवर दोन मुले नेण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा सरकारने अटी घातल्या त्या मुख्यत्वे सायकलीस: तिचा सांगाडा मजबूत असावा, ब्रेक पुरेसे असावेत, उभी केली असता ती स्थिर राहावी. विचाराचा क्रम हाच बरोबर आहे.

आसन सायकलीस जोडण्याचे प्रकार दोन. पहिल्यात ते कॅरियरवर बसते. साध्या सायकलीचे चिमट्याचे कॅरियर दप्तर किंवा भाजीची पिशवी नेण्यासाठी असते. मुलासाठी ते चालणार नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कॅरियरवर त्याची भारक्षमता कोरलेली असते, आणि मुलाच्या आसनासाठी तो आकडा २७ किलो असावा लागतो. जास्तीत जास्त २२ किलोंचे मूल आणि चार-पाच किलोंचे आसन यांची बेरीज केली की तो आकडा कोठून आला हे कळते. दुसऱ्या प्रकारात बैठकीखालच्या उभ्या नळीस एक कब्जा आवळतात आणि त्यातून निघालेल्या दोन पोलादी दांड्यांवर आसन कॅरियरच्या वर अधांतरी राहते. खड्ड्याचा धक्का या दांड्या लवून बराचसा गिळतात, म्हणून आपल्या रस्त्यांसाठी मी हाच प्रकार पसंत करीन. पण नळी गोल असावी, तिचा व्यास बहुधा २८ ते ४० मिलिमीटरांच्या दरम्यान असावा, आणि कब्जा बसण्याइतकी ती मोकळी असावी. लहान मापाच्या सांगाड्यात तेवढी जागाच सापडत नाही. कार्बनच्या किंवा मागे शॉकअॅब्झॉर्बर असलेल्या सायकलींना अशी आसने बसवण्यास बहुतेक कारखानदार मनाई करतात. दोन्ही प्रकारांत भार मागच्या आसापासून फार मागे जाऊ देऊ नये; आसनाचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे दहा सेंटिमीटरांपलीकडे गेला की चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल हाती राहत नाही. ब्रेकचाही विचार हवा. गजांचे ब्रेक लोखंडी रिमवर पावसात फारच मंद धरतात, आणि वाढलेल्या वजनामुळे थांबण्याचे अंतर आणखी लांबते.

वयाविषयी मतभेद आहेत. युरोपीय मानक ९ ते २२ किलो वजनाच्या मुलांसाठी मागचे आसन मान्य करते. पुढच्या आसनाची मर्यादा १५ किलोंची. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मुलास सायकलवर घेऊच नये म्हणतात, कारण तोवर मानेचे स्नायू हेल्मेटचे ओझे आणि रस्त्याचे हादरे सोसण्याइतके पक्व झालेले नसतात. आपल्याकडे बहुतेक मुले वर्षाच्या सुमारास नऊ किलोंच्या आसपास येतात, तेव्हा वाट पाहण्यात फारसे काही गमवावे लागत नाही.

हेल्मेटच्या बाबतीत कायद्याची गंमत पाहण्यासारखी आहे. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेल्या नियमानुसार मोटारसायकलवर चार वर्षांखालील मुलास पट्ट्याने बांधणे, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट घालणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरांच्या आत ठेवणे बंधनकारक झाले. परंतु पायाने चालणारी सायकल मोटारवाहन कायद्याच्या कक्षेतच येत नसल्याने तेथे सारी मदार आईबापांवर. हेल्मेट घालून मुलास आसनात बसवून पाहिल्याशिवाय आसन घेऊ नये, कारण पाठ सरळसोट उंच असली तर हेल्मेटचा मागचा भाग तिच्यावर आपटतो आणि मुलाची मान सबंध प्रवासभर पुढे झुकलेली राहते. डोक्यामागे खोलगट जागा असलेली पाठ हवी. पट्टे दोन्ही खांद्यांवरून यावेत आणि त्यांची कडी मुलाच्या बोटांनी उघडू नये. आपल्या सायकलींच्या गादीखाली उघड्या स्प्रिंगा असतात, आणि मागे बसलेल्या मुलाचे हात अगदी त्यांच्याच जवळ पोचतात. चालक दबला की स्प्रिंग मिटते, आणि बोट त्यात सापडते. स्प्रिंगांना आच्छादन करावे किंवा बिनस्प्रिंगेची गादी घ्यावी. आईने पदर आणि ओढणी खोचून घ्यावी, हे सांगणे नलगे; चाकावर जाळी असेल तर अधिक उत्तम.

एका पायावर सायकल कलती उभी करणारा स्टँड या कामी निरुपयोगी आहे. दोन पायांचा, मागचे चाक उचलून धरणारा स्टँड घ्यावा, आणि तो असला तरी सायकल हातातून सोडून मुलास वर बसलेले ठेवू नये. सामान आधी बांधावे, मूल सर्वांत शेवटी बसवावे आणि सर्वांत आधी उतरवावे. जबलपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना उन्हात उभ्या असलेल्या आसनाची धातूची कडी मांडीस काय करील हे सांगावयास नको. वर एखादे जाड फडके टाकावे.

वापरलेले आसन घेण्यास हरकत नाही, परंतु ते एकदाही आपटलेले नसल्याची खात्री पटली पाहिजे, कारण प्लास्टिकमधील बारीक तडा डोळ्यांस दिसत नाही. आणि नवे घ्यावयास जाल तेव्हा सायकल आणि मूल दोन्ही बरोबर न्या. दुकानदार आसन तुमच्याच सायकलीवर बसवून, मूल त्यात ठेवून दाखवीत नसेल, तर त्या दुकानातून ते घेऊ नका.