दीर्घिकांची नोंदवही

कार्तिकातल्या काळोख्या रात्री गावाबाहेर उभे राहा. माथ्याच्या जरा उत्तरेला एक पुसट पांढुरका डाग दिसेल. ती देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखीच अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

तुम्ही विचाराल, अशी दीर्घिका वाढते कशी, म्हातारी होते कशी? तिच्याकडे टक लावून बसलो तर शंभर पिढ्या सरतील आणि फरक दिसायचा नाही. पण आंब्याचे आयुष्य जाणायला कोणी ऐंशी वर्षे एका झाडाखाली बसत नाही. आमराईत चक्कर मारली की रोप, फळावर आलेले झाड, वठलेले खोड, सारे एकाच सकाळी दिसते.

दीर्घिकांची अशी आमराई म्हणजे स्लोन आकाश सर्वेक्षण. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील अपाची पॉइंट येथे अडीच मीटर आरशाची दुर्बीण आहे. 2000 सालापासून तिने लाखो दीर्घिकांचे रंग व वर्णपट नोंदले. वर्णपटातल्या रेघा तांबड्या बाजूला जितक्या सरकलेल्या, तितकी दीर्घिका दूर. ही नोंदवही इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली आहे. "अमुक अंतरापर्यंतच्या दीर्घिकांचा रंग आणि तेज सांग," असे संगणकाला त्याच्या ठराविक भाषेत विचारायचे. तक्ता हाती येतो. तो आलेखावर मांडला की ठिपक्यांचे दोन थवे पडतात, एक निळसर, एक तांबूस. निळे तारे अल्पायुषी असतात. म्हणजे निळसर दीर्घिकांत तारे अजून जन्मत आहेत. तांबूस दीर्घिकांत बहुतेक जुनेच उरले.

माझे विद्यार्थी दर वर्षी पुढच्या पायरीवर घसरतात. दूरच्या मंद दीर्घिका नोंदवहीत येतच नाहीत, तेजस्वी तेवढ्याच येतात. त्यावरून "पूर्वी साऱ्याच दीर्घिका तेजस्वी होत्या" म्हणणे म्हणजे चाळणीत उरलेले खडे पाहून शेतात मातीच नाही म्हणण्यासारखे! म्हणून अगदी दूरच्या टोकालाही दिसतील एवढ्या तेजाच्याच दीर्घिका मोजाव्यात. शिवाय धुळीमुळे तरुण दीर्घिकाही तांबूस दिसते, हे वेगळेच.

दीर्घिकांचे आकार ओळखायला मात्र माणसाचे डोळे लागले. 2007 साली हे काम सामान्य लोकांपुढे ठेवले गेले आणि लाखाहून अधिक लोक पुढे आले. त्यांत हॉलंडमधल्या हॅनी व्हॅन आर्केल या शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ वायूचा चमकता ढग दिसला. त्या दीर्घिकेच्या गाभ्यातली प्रखर ज्योत केव्हाच मंदावली होती. ढगावर तिचा जुना उजेड अजून पडलेला होता.