नोकरीच्या वाटेवर (भाग 5) : माफीने सुरुवात करू नका

मागच्या आठवड्यात आपण अर्ज आणि बायोडेटा पाहिला. आता मुलाखतीला बोलावण्याचे पत्र हातात आहे असे धरू. बालाघाटच्या मुलामुलींना हे बोलावणे बहुधा नागपूर, जबलपूर, इंदूर किंवा भोपाळहून येते. नागपूरचे असेल तर आधी सुमारे 40 किलोमीटरवरचे गोंदिया गाठायचे आणि तिथून पुढची गाडी धरायची. 1956 सालापर्यंत आपल्या राज्याची राजधानी नागपूरच होती. कचेरीच्या कामाला नागपूर गाठणे हे आजोबांच्या पिढीला परक्या मुलखात जाणे वाटत नसे. नातवाला मात्र त्याच शहरातल्या खोलीचे दार ढकलताना घाम फुटतो.

आधी हे पाहून घ्या, की तुमच्या पदाला मुलाखत आहे का. केंद्र सरकारने गट क आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. तिथे लेखी परीक्षा आणि गरजेनुसार कौशल्य चाचणी यांवर निवड होते. मुलाखत उरली ती अधिकारी पदांना, आणि खासगी नोकऱ्यांना तर ती आहेच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण 2025 गुणांपैकी 275 गुण मुलाखतीचे असतात. एकेका गुणाने क्रमांक खाली-वर होतो, तिथे हा आकडा लहान नाही.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. धुतलेला, इस्त्री केलेला साधा शर्ट, साधी साडी किंवा सलवार-कुर्ता पुरे. आत गेल्यावर नमस्कार करा, समोरच्याने हात पुढे केला तर हात मिळवा, बसायला सांगितले की बसा. मूळ प्रमाणपत्रे क्रमाने लावलेली असू द्या, म्हणजे मागितलेला कागद शोधताना हात थरथरत नाहीत. एवढे सांभाळले की खरा प्रश्न येतो : ‘अपने बारे में कुछ बताइए.’

या प्रश्नावर आपल्याकडची किती हुशार मुले अशी सुरुवात करतात : ‘सर, मी छोट्या गावचा आहे, हिंदी माध्यमातून शिकलो, इंग्रजी थोडे कच्चे आहे, पण...’ बोलणाऱ्याला यात प्रामाणिकपणा वाटतो. मला हे वाक्य ऐकले की पोटात तुटते. त्या ‘पण’च्या पुढे चार वर्षांची मेहनत असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात तोवर एक चित्र उभे राहिलेले असते.

हे कसे घडते ते सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1946 साली दाखवले. त्याने एका माणसाचे सहा गुण लोकांना वाचून दाखवले : बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीका करणारा, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने ऐकवले. शब्द तेच, तरी पहिल्या गटाला तो माणूस चांगला वाटला आणि दुसऱ्याला दोषांनी झाकोळलेला. आधी ‘बुद्धिमान’ ऐकले की पुढचा हट्टसुद्धा ठामपणासारखा वाटू लागतो. आधी ‘मत्सरी’ ऐकले की हुशारीचीही भीती वाटते. तुमच्या पहिल्या वाक्याचेही तसेच आहे. उणीव लपवायची नाही. विचारले तर सरळ सांगायची. पण आपण होऊन तिला दारात उभी करायची नाही.

मग काय सांगायचे? आधी काय येते ते सांगा, आणि पाठोपाठ गाव आणा. समजा, खाणकामाची पदविका घेतलेला मुलगा म्हणाला, ‘मी खाणकामाची पदविका पूर्ण केली आहे. माझे घर बालाघाटला, भरवेलीच्या मँगनीज खाणीपासून जवळ आहे. जमिनीखाली काम कसे चालते हे कुतूहल तिथूनच लागले.’ या तीन वाक्यांत शिक्षण आले, गाव आले आणि हाच विषय का घेतला तेही आले. समोरच्याला पुढचा प्रश्न मिळाला, आणि तो प्रश्न तुमच्या अंगणातला आहे.

म्हणूनच जिल्हा नीट माहीत हवा. ‘बालाघाटात काय आहे?’ असे हमखास विचारतात, आणि ‘जंगल आहे सर’ म्हणून आपण गप्प बसतो. मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची तांब्याची मोठी उघडी खाण आहे, हे झाले नाव. ती आता जमिनीखाली का नेली जात आहे, तर खड्डा जितका खोल तितका वरचा निरुपयोगी खडक हटवण्याचा खर्च वाढत जातो, हे झाले समजणे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकीची पदवी घेतलेल्या मुलीने हा सुवासिक तांदूळ घरच्या बांधीत कसा पिकतो ते दोन वाक्यांत सांगावे. कान्हाचा मुक्की दरवाजा आपल्या जिल्ह्यात उघडतो. तिथला कठीण जमिनीवरचा बारशिंगा 1970 च्या सुमारास अवघा 66 उरला होता, तो संरक्षणाने आणि गवताची कुरणे राखून वाचवला गेला. वनसेवेच्या उमेदवाराला यापेक्षा चांगले उदाहरण कुठे मिळेल?

राहिली भाषा. घरी मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी, पुस्तके इंग्रजी. नागपुरात मराठीत बोलताना मधेच हिंदी शब्द आला तर थांबून ‘सॉरी’ म्हणू नका, वाक्य पूर्ण करा. मुलाखतीचा निकाल पहिल्या चार मिनिटांत लागतो ही जुनी समजूत आहे. मुलाखत घेणाऱ्यांवर झालेल्या 2016 च्या एका अभ्यासात बहुतेक निर्णय पहिल्या पाच मिनिटांनंतरच झाल्याचे दिसले. एक शब्द अडला म्हणून दार बंद होत नाही. मात्र अडलेल्या शब्दावर आपणच खिळून राहिलो तर पुढची उत्तरे बिघडतात.

आज रात्री जेवणानंतर ताईला किंवा दादाला समोर बसवा आणि तो पहिला प्रश्न विचारायला सांगा. तुम्ही बोलत असताना त्यांनी एवढेच करायचे : ‘पण’, ‘फक्त’, ‘थोडे’ हे शब्द आले की बोट वर करायचे. जिथे बोट वर गेले ते वाक्य पुन्हा रचा, आणि पुन्हा म्हणून दाखवा.