बुबुळावर चढणाऱ्या लाल रेषा

आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, "अमकीच्या डोळ्यात फूल पडलं." शब्द किती गोड आणि गोष्ट किती वाईट! काळ्या बुबुळावर पांढरट डाग दिसायला लागला की त्याला फूल म्हणायचं आणि 'आता काय, नशीब तिचं' म्हणून सोडून द्यायचं, हे पेण-रोह्याकडच्या गावांत मी कितीदा तरी ऐकलंय. पण मैत्रिणींनो, हे फूल एका रात्रीत पडत नाही. बहुतेक वेळा त्याआधी डोळ्याला काहीतरी लागलेलं असतं. भात झोडताना उडालेलं कुसळ, राब भाजताना उडालेली ठिणगी, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासताना गेलेली प्लास्टरची भुकटी, नाहीतर घरातलीच तंबाखूच्या चुन्याची पुडी. लागल्यापासून फूल पडेपर्यंत मधे दिवस जातात, कधी आठवडे जातात. या दिवसांत पुष्कळ जणींच्या बुबुळावर कडेकडून बारीक लाल रेषा चढत असतात. त्या रेषांवर आता औषध आहे. मात्र त्या नव्या असतानाच ते नीट लागू पडतं, म्हणून हा लेख.

आधी थोडं समजून घेऊ. डोळ्याच्या अगदी समोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि आपण ढोबळपणे बुबुळच म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. शरीरात कुठेही टाचणी टोचली तरी रक्ताचा थेंब येतो, या काचेत येत नाही. कारण तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात! तिला प्राणवायू मिळतो बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या ओलाव्यातून, आणि पोषण मुख्यतः आतल्या पाण्यातून. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून ती स्वच्छ, आणि ती स्वच्छ म्हणून आपल्याला दिसतं.

पण शेजारच्या पांढऱ्या भागात तर रक्तवाहिन्यांचं जाळंच असतं. मग त्या हद्द ओलांडून इकडे का येत नाहीत? शरीरात एक प्रथिन असतं, व्हीईजीएफ नावाचं. त्याचं काम नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं. कॉर्नियात या प्रथिनाला धरून ठेवणारा एक राखणदार असतो, तोही प्रथिनच. बालमुरली आणि जयकृष्ण अंबाटी या भारतीय वंशाच्या भावांनी सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे त्यासाठी त्यांनी मॅनेटी नावाचा पाण्यात राहून गवत खाणारा प्राणीसुद्धा तपासला. या प्राण्याच्या कॉर्नियात मुळातच रक्तवाहिन्या असतात, आणि त्याच्याकडे हा राखणदार सापडला नाही.

डोळ्याला जखम झाली, जंतू शिरले, रसायनाने भाजलं की बोलावणं इतकं जोरात जातं की राखणदार अपुरा पडतो. काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेवरून नव्या रक्तवाहिन्या आत सरकतात. शरीराच्या दृष्टीने ती मदतच असते. जखम भरायला रसद नको का? पण या वाहिन्या कच्च्या, झिरपणाऱ्या. त्यांतून पाणी, चरबी बाहेर येते, काच धुरकट होते. आलेल्या वाहिन्या काम झालं म्हणून आपणहून परत जातातच असं नाही. (डोळे आले की पांढरा भाग लाल होतो ते वेगळं. इथे रेष काळ्यावर दिसते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी लगेच आरशात बघून घाबरू नये!)

आता रोहा तालुक्यातल्या एका ताईंची हकीगत सांगते. नाव-गाव सांगत नाही. कापणीचे दिवस, खळ्यावर झोडणी चाललेली, कुसळ डोळ्यात गेलं. शेजारणीने पदराची वात करून ते काढलं. रात्री एरंडेलाचा थेंब. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, तरी भात अंगणात पडलंय म्हणून ताई कामाला. घरच्यांनी मेडिकलमधून 'डोळ्याचा ड्रॉप' आणला. चिठ्ठी नव्हती, कुणी मागितलीही नाही. आणि चार दिवस काय छान वाटलं म्हणता! लाली गेली, दुखायचं कमी झालं. मग एका रात्री असा ठणका लागला की बाई भिंतीला डोकं टेकून बसल्या.

त्या ड्रॉपमध्ये जंतुनाशकाबरोबर स्टेरॉइड होतं. भाताचं पान, काडी, कुसळ लागलेल्या डोळ्यात बुरशीची लागण होण्याची भीती मोठी असते. साध्या जंतुनाशकाने बुरशी मरत नाही. स्टेरॉइड लाली दाबतं, म्हणजे राखणीचा कुत्रा गप्प होतो आणि चोर आत मोकळा. बुरशीला वेगळेच थेंब लागतात, नॅटामायसिनसारखे. सुरुवातीला तर तासातासाला घालावे लागतात, आणि आठवडेच्या आठवडे. ताईंचे ते सुरू झाले. बुरशी गेली. पण तोवर खालच्या बाजूने लाल रेषा बुबुळाच्या मध्याकडे निघालेल्या होत्या.

इथून पुढचा भाग मला स्वतःला फार विलक्षण वाटला. लागण पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावर नेत्रतज्ज्ञ अशा वाहिन्या आवरायला जी औषधं वापरतात, त्यांत पहिलं असतं स्टेरॉइडच! जे थेंब चिठ्ठीशिवाय घातले तेव्हा डोळा घालवायला निघाले होते, तेच योग्य वेळी, मोजून, तपासणीखाली दिले तर सूज उतरवतात आणि वाहिन्यांचं बोलावणं कमी करतात. तरी त्यांनी डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदूची भीती असते, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. बाटली संपली म्हणून आपल्या मनाने दुसरी आणायची नाही, ती यासाठी. आणि बुरशी होऊन गेलेल्या डोळ्यात तर डॉक्टरही स्टेरॉइडला फार जपून हात घालतात.

दुसरं औषध बेव्हॅसिझुमॅब. त्याचा जन्म कर्करोगासाठीचा. गाठीला वाढायला रक्त लागतं, नव्या रक्तवाहिन्या रोखल्या तर गाठ उपाशी राहील, हा विचार अमेरिकेतले डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. पुढे त्यांचे बरेच प्रयोग सशाच्या कॉर्नियावरच झाले, कारण त्या स्वच्छ काचेत एकही नवी वाहिनी उगवली तरी लगेच दिसते. २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी बेव्हॅसिझुमॅबला परवानगी मिळाली. ते व्हीईजीएफलाच पकडून ठेवतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी ते आधी पडद्याच्या आजारासाठी आणि मग कॉर्नियासाठीही वापरायला घेतलं. कॉर्नियासाठी ते बहुधा पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्याखाली टोचतात, सुन्न करणारे थेंब घालून. कधी थेंबांच्या रूपानेही देतात.

कुठलंही औषध चमत्कार म्हणून सांगण्याची आपल्याकडे घाई असते, म्हणून स्पष्ट लिहिते. हे औषध कॉर्नियासाठी म्हणून बनलेलं नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर, रुग्णाची लेखी संमती घेऊन देतात. जुन्या, पक्क्या झालेल्या वाहिन्यांवर त्याचा फारसा जोर चालत नाही. कधी एका इंजेक्शनने भागत नाही, वाहिन्या पुन्हा येतात. बुबुळावरची जखम उघडी असेल तर ते थांबून देतात, कारण जखम भरायला उशीर होऊ शकतो. तुम्ही गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, नुकताच हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, तर विचारायची वाट न बघता आपणच सांगा. आणखी एक, कर्करोगाच्या मापाच्या एका बाटलीतून डोळ्यापुरते छोटे भाग काढतात, म्हणून ते परवडतं. पण ते भाग काढणं अत्यंत निर्जंतुक जागीच व्हायला हवं. २०१६ मध्ये गुजरातेत हे इंजेक्शन घेतलेल्या काही रुग्णांना त्रास झाल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी इशारा काढला होता; तो पुढे मागे घेतला. 'औषध कुठून येतं, कुठे भरतात' हे विचारायला लाजू नका.

मग एवढा खटाटोप कशाला? डाग पडलाच तर डोळा बदलून घेऊ, असं एका काकूंनी मला विचारलं. तर डोळा बदलत नाहीत, कॉर्निया बदलतात. आणि तिथेच या रेषा आडव्या येतात. रक्तवाहिन्या नसलेल्या बुबुळात परका कॉर्निया सहसा निमूट सामावतो, शरीराला तो परका आहे हे फारसं कळतच नाही. वाहिन्या शिरलेल्या असल्या की त्याच वाटेने शरीराचे सैनिक येतात आणि नवा कॉर्निया नाकारला जाण्याचा धोका खूप वाढतो. रोपणाआधी वाहिन्या कमी करण्यासाठीही म्हणून हे औषध देतात. कुणीतरी मरणोत्तर दिलेली वस्तू आहे ती. नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, म्हणजे पुष्कळदा पेणमध्ये गणपतींची पाठवणी आणि घरोघरी मखराची गडबड असते तेव्हाच. आमची पत्रकं त्या गर्दीत हरवतात, ते असो.

चुन्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. लहान मूल चुन्याची ट्यूब दाबतं आणि फचकन डोळ्यात उडतं. चुना, कॉस्टिक यांसारखी क्षारं आम्लापेक्षा खोल शिरतात. बुबुळाच्या कडेला त्याची कातडी सतत नवी करणाऱ्या मूळ पेशी असतात, त्याच जळतात. ती कड म्हणजे कुंपण. कुंपणच गेलं तर इंजेक्शनने किती अडवणार? तिथे दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातली कणभर कड घेऊन रोपण करावं लागतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी त्याची सोपी पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. पण त्याआधीचं औषध आपल्या घरातच आहे, पाणी! तिथल्या तिथे, नळाखाली किंवा तांब्याने, पापण्या उघड्या धरून, निदान अर्धा तास. चुन्याचे खडे दिसले तर तेही धुऊन काढायचे. दूध, मध, लिंबू काही नको. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या घरीही हे पाठ असलं पाहिजे. आणि अर्ध्या तासानंतर थेट दवाखाना, 'आता बरं वाटतंय' म्हणाले तरीही.

दवाखाना तसा लांब नाही. पेण आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. कॉर्नियाच्या तज्ज्ञासाठी पनवेलची मोठी नेत्ररुग्णालयं किंवा मुंबईचं जे. जे.; रोह्याहून पेणमार्गे पनवेलला गाडी जाते. अडतं ते गाडीपाशी नाही. झोडणी आटपू दे, मुलांची परीक्षा होऊ दे, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होऊ दे, यात महिना जातो, आणि नव्या रेषा जुन्या होतात. त्याच घरात बैल लंगडायला लागला तर डॉक्टर संध्याकाळच्या आत आलेला असतो, हे मी पाहिलेलं आहे. गॉगल म्हटलं की बायका हसतात. पण झोडणीला आणि मूर्ती घासायला कडेने बंद असलेला साधा प्लास्टिकचा चष्मा पुरतो.

ताईंना दोन इंजेक्शनं झाली. रेषा पुसल्या गेल्या नाहीत, पण बारीक झाल्या आणि मध्याच्या अलीकडेच थांबल्या. डाग आहे. त्या डोळ्याने माणूस ओळखतात, सुईत दोरा ओवता येत नाही. पुढच्या तपासण्यांना सोबत कोण जाणार यावर घरात दोनदा वाद झाला, शेवटी नववीतल्या मुलीने तारखा कालनिर्णयवर लाल पेनाने मांडून ठेवल्या आहेत, आजीच्या एकादशीच्या खुणांशेजारी. प्रत्येक तारखेखाली कंसात लिहिलंय, 'जुनी बाटली बरोबर नेणे'.