थांबत थांबत वाचणारं यंत्र

डीएनए वाचणारं सिक्वेन्सर यंत्र चालू असतं, तेव्हा बाहेरून फारसं काही दिसत नाही. झाकण बंद असतं, पंपांचा हलका आवाज येतो आणि पडद्यावर एक आकडा सावकाश पुढे सरकतो. आत मात्र काचेच्या पट्टीवर डीएनएचे कोट्यवधी तुकडे रोवलेले असतात आणि त्या सगळ्यांवर एकच काम चाललेलं असतं. एक अक्षर जोडायचं, थांबायचं, फोटो काढायचा, अडसर दूर करायचा आणि मग पुढचं अक्षर जोडायचं. हे शेकडो वेळा. या यंत्राची ख्याती आहे ती वेगासाठी. पण तो वेग ज्या युक्तीतून आला, ती युक्ती थांबण्याची आहे.

सँगरचा पूर्णविराम

डीएनएची अक्षरं चार : ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका जनुकसंचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरं एकापुढे एक असतात. पेशी विभागताना या सगळ्याची नक्कल पॉलिमरेज नावाचं एन्झाइम करतं. जुन्या साखळीवरच्या अक्षरासमोर त्याची जोडी आणून बसवायची आणि पुढे सरकायचं, एवढंच त्याचं काम. ते इतकं भराभर चालतं की नुसतं बघून क्रम समजण्याची शक्यताच नाही.

केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली या एन्झाइमला अडवण्याचा मार्ग दाखवला. पुढचं अक्षर ज्या जागी जोडलं जातं, तिथला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट नसलेली अक्षरं त्यांनी वापरली. असं अक्षर साखळीत शिरलं की साखळी तिथेच संपते. नेहमीच्या अक्षरांत ही अडवणारी अक्षरं थोडीशी मिसळली की काही साखळ्या दहाव्या अक्षरावर थांबतात, काही अकराव्या, काही बाराव्या. जेलमधून त्या लांबीप्रमाणे वेगळ्या करायच्या, किरणोत्सारी खुणेमुळे एक्स-रे फिल्मवर उमटलेले पट्टे खालून वर वाचत जायचं, की क्रम हाती येतो. त्याच वर्षी सँगर यांच्या गटाने फाय-एक्स १७४ या विषाणूचा डीएनए जवळजवळ संपूर्ण वाचून प्रसिद्ध केला. त्याची लांबी ५,३८६ अक्षरं. इन्सुलिनच्या रचनेसाठी १९५८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या सँगर यांना १९८० साली त्याच विषयातलं दुसरं नोबेल मिळालं.

पुढे १९८६ साली कॅलिफोर्नियात लिरॉय हूड आणि लॉइड स्मिथ यांच्या गटाने किरणोत्साराऐवजी चार रंगांची चमकणारी रसायनं वापरली. लेझरने रंग ओळखायचा आणि संगणकाने अक्षर लिहून घ्यायचं. अप्लाइड बायोसिस्टिम्सची यंत्रं याच तत्त्वावर निघाली आणि १९९० ते २००३ या काळातला मानवी जनुकसंचाचा प्रकल्प मुख्यतः अशाच यंत्रांवर पार पडला. तरी एक अडचण कायम होती. प्रत्येक तुकड्याला स्वतःची वेगळी केशनळी लागायची. १९९८ सालच्या प्रगत यंत्रात अशा ९६ नळ्या होत्या. तीनशे कोटी अक्षरांपुढे ९६ नळ्या म्हणजे इमारतभर यंत्रं, शेकडो माणसं आणि वर्षानुवर्षांचं काम.

पुसता येणारा थांबा

यातून सुटण्याची वाटही केंब्रिजमध्येच सापडली, पण सापडली ती दुसरंच काही शोधताना. चेन्नईत जन्मलेले आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलेले शंकर बालसुब्रमण्यन हे रसायनशास्त्रज्ञ. डेव्हिड क्लेनरमन यांचं क्षेत्र लेझर आणि प्रकाशाचं. दोघांना पॉलिमरेजचा एकेक रेणू काम करताना पाहायचा होता. त्यासाठी ते चमकणारी अक्षरं वापरत होते. १९९७ सालच्या उन्हाळ्यात विद्यापीठाजवळच्या पँटन आर्म्स या पबमध्ये झालेल्या चर्चांत त्यांच्या ध्यानात आलं, की डीएनएचे तुकडे काचेवर पक्के बसवले आणि प्रत्येक ठिकाणी कोणता रंग चमकतो ते पाहिलं, तर लाखो तुकडे एकाच वेळी वाचता येतील. १९९८ साली त्यांनी सोलेक्सा ही कंपनी काढली.

कल्पना सुचली तरी ती प्रत्यक्षात आणणं अवघड होतं. सगळ्या तुकड्यांवर एका वेळी नेमकं एकच अक्षर जोडलं जायला हवं. त्यासाठी अडवणं भागच होतं. पण सँगर यांचा थांबा कायमचा होता, एकदा थांबलेली साखळी पुढे जात नसे. इथे हवा होता फोटो काढून झाल्यावर काढून टाकता येईल असा थांबा. म्हणून अक्षराच्या जोडणीच्या जागी अझिडोमिथाइल नावाचं एक छोटं रासायनिक झाकण बसवण्यात आलं आणि त्याच अक्षराला एका तोडता येणाऱ्या दुव्याने रंग जोडला. फोटो झाल्यावर एकच रसायन सोडलं, की झाकण निघतं, रंगही सुटतो आणि साखळी पुढच्या अक्षराला मोकळी होते. अशी ओझं घेतलेली अक्षरं नैसर्गिक पॉलिमरेज स्वीकारत नाही. त्यामुळे एन्झाइमही बदलून घ्यावं लागलं.

दुसरा प्रश्न उजेडाचा होता. एका रेणूचा प्रकाश इतका क्षीण, की त्यावर विसंबून धंद्याचं यंत्र उभं राहीना. याचं उत्तर जिनिव्हात पास्कल मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार ठेवलं होतं. काचेवर रोवलेल्या एका तुकड्याच्या तिथल्या तिथेच सुमारे हजार नकला काढायच्या आणि त्यांचा पुंजका बनवायचा. हे तंत्र सोलेक्साने २००४ साली मिळवलं. आता प्रत्येक पुंजका कॅमेऱ्याला दिसेल इतका उजळ चमकू लागला.

पुंजक्याची ताकद आणि त्याची दुबळी बाजू या दोन्ही गोष्टी लेझीम पथकासारख्या आहेत. सगळ्यांनी एका ठेक्यावर पाऊल टाकलं तर लांबूनही चाल स्पष्ट कळते. पण दर ठेक्याला एखाददुसरा चुकला, कुणी मागे राहिला, कुणी एक पाऊल पुढे गेला, तर काही वेळाने सगळी चालच विस्कटते. हजारातल्या काही साखळ्यांचं झाकण वेळेवर निघत नाही, काही एक अक्षर जास्त घेतात, आणि दर फेरीला रंग थोडा गढूळ होत जातो. म्हणून हे यंत्र एका तुकड्याचं लांबलचक वाचन करू शकत नाही. दोन्ही टोकांकडून दीड-दीडशे अक्षरं हा सर्रास वापरला जाणारा पल्ला आहे.

तुकड्यांतून ग्रंथ

सोलेक्साने २००५ साली पहिल्यांदा पूर्ण वाचला तो सँगर यांचाच विषाणू, फाय-एक्स १७४. २००६ मध्ये यंत्र बाजारात आलं आणि ते एका रनमध्ये शंभर कोटी अक्षरं वाचू शकत होतं. २००७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इल्युमिनाने कंपनी विकत घेतली. २००८ साली ‘नेचर’मध्ये नायजेरियातल्या एका योरुबा पुरुषाचा संपूर्ण जनुकसंच या पद्धतीने वाचल्याचं प्रसिद्ध झालं. प्रत्येक जागा सरासरी तीसहून अधिक वेळा वाचून, छोटे तुकडे संगणकावर आधीच्या मानवी नकाशाशी ताडून तो जुळवला होता.

ज्यांचे हात रोज या यंत्रावर असतात, त्यांना ठाऊक असतं की रनचं भवितव्य झाकण लावण्याआधीच ठरलेलं असतं. डीएनए तोडणं, तुकड्यांच्या टोकांना ठरावीक जोड लावणं, प्रत्येक सॅम्पलला त्याचा बारकोड देणं, या सगळ्याला लायब्ररी बनवणं म्हणतात. ती मोजून भरावी लागते. जास्त झाली तर पुंजके एकमेकांवर चढतात आणि रंग मिसळतात, कमी झाली तर महागड्या पट्टीची जागा फुकट जाते. सगळी सॅम्पलं सारख्याच अक्षरांनी सुरू होत असतील तर कॅमेऱ्याला पुंजके वेगळे ओळखता येत नाहीत. तेव्हा मुद्दाम फाय-एक्सचा डीएनए मिसळतात. त्याचा क्रम पूर्ण माहीत असल्यामुळे यंत्र कुठे चुकतं तेही त्यावरून कळतं. १९७७ साली हाताने वाचलेला विषाणू आज जगभरच्या प्रयोगशाळांत या यंत्राची परीक्षा घेतो, ही मला या क्षेत्रातली फार लोभस गोष्ट वाटते.

छोट्या तुकड्यांची मर्यादाही खरी आहे. एकच मजकूर पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागात दीडशे अक्षरांचा तुकडा नेमका कुठला, ते सांगता येत नाही. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पानंतरही वाचायचा राहिलेला सुमारे आठ टक्के भाग २०२२ मध्ये भरून निघाला, तो लांब तुकडे वाचणाऱ्या वेगळ्या यंत्रांच्या बळावर.

वाचून झाल्यानंतर

आज कर्करोगाच्या गाठीतले बदल, नवजात बाळाचा दुर्मीळ आजार, आईच्या रक्तात फिरणारे गर्भाचे डीएनएचे कण या साऱ्यांचं वाचन याच पद्धतीने होतं. गर्भाच्या चाचणीत डाउन सिंड्रोमची शक्यता समजते आणि लिंगही समजू शकतं. आपल्या देशात गर्भलिंग सांगण्यावर कायद्याने बंदी आहे, ती अशा चाचणीलाही लागू आहे. यंत्राला दिसतं ते सगळं उघड करायचं नसतं, हे समाजाने ठरवलेलं आहे आणि ते योग्यच आहे.

महाराष्ट्राचा या यंत्राशी सर्वांत जवळून संबंध आला तो कोविडच्या काळात. विषाणूचा जेमतेम तीस हजार अक्षरांचा क्रम जानेवारी २०२० मध्ये जगासमोर आला आणि त्यावर चाचण्या व लसी उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा प्रयोगशाळांचं इन्साकॉग हे जाळं स्थापन झालं, त्यात पुण्याच्या एनआयव्ही आणि एनसीसीएस या दोन संस्था होत्या. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या सॅम्पलांत दोन ठरावीक बदल एकत्र असलेल्या विषाणूचं प्रमाण वाढलं आहे. त्याच घराण्यातल्या एका शाखेला मे महिन्याच्या अखेरीस डेल्टा हे नाव मिळालं. या घराण्याच्या सर्वांत जुन्या नोंदी आहेत ऑक्टोबर २०२० मधल्या सॅम्पलांच्या.

ऑक्टोबर ते मार्च हे अंतर यंत्रामुळे पडलेलं नाही. यंत्राचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. वेळ जातो तो गावातल्या दवाखान्यातून सॅम्पल निघण्यात, ते थंड राहून पोहोचण्यात, रुग्णाची माहिती नीट भरली जाण्यात, वाचलेल्या क्रमाचा अर्थ लावण्यात आणि तो निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर जाण्यात. म्हणून साथ नसतानाच्या शांत दिवसांत सॅम्पल गोळा करणारी माणसं नेमून ठेवणं, जिल्ह्यापासून प्रयोगशाळेपर्यंतची वाट मोकळी ठेवणं आणि क्रम वाचणाऱ्यांइतकेच त्याचा अर्थ लावणारे तयार करणं, हा या यंत्राच्या खरेदीचाच भाग मानला पाहिजे. दर अक्षरापाशी थांबायला शिकून यंत्राने आपला वेळ वाचवला आहे. तो वाचलेला वेळ रुग्णापर्यंत पोहोचवणं हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचं काम आहे, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.