सातबारा, आठ-अ आणि एसक्यूएलअल्केमी

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्यालय. या तालुक्यातली घरेच्या घरे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. धंदा दूर कुठल्या तरी परराज्यातल्या शहरात, पण जमिनीच्या कागदावरचे नाव गावातच राहिले. वाटण्या झाल्या, वारसनोंदी लागल्या, की एकाच गट नंबरावर दहा-बारा नावे चढतात आणि त्यातल्या एखाद्याचे नाव आणखी चार गटांवर सापडते. महसूल खात्याने हा गुंता दोन बाजूंनी मांडून ठेवला आहे. सातबारा जमिनीच्या बाजूने पाहतो, या गटात कोण कोण आहे ते सांगतो. आठ-अ खातेदाराच्या बाजूने पाहतो, त्या गावात त्याच्या खात्यावर काय काय आहे ते सांगतो. नोंद तीच, वाचण्याची दिशा वेगळी. पायथनमधली एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी नेमके काय करते आणि ती वापरणाऱ्या डेव्हलपरांमध्ये इतके वाद का होतात, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

माइक बायर यांनी एसक्यूएलअल्केमीची पहिली आवृत्ती फेब्रुवारी 2006 मध्ये आणली. प्रोग्रॅम लिहिणारा वस्तूंच्या भाषेत विचार करतो. त्याच्या लेखी गट ही एक वस्तू आणि तिच्या पोटात खातेदारांची यादी. डेटाबेस मात्र ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या पद्धतीने चालतो. तिथे फक्त तक्ते असतात, ओळी असतात आणि ओळीला ओळ जोडणाऱ्या किल्ल्या. या दोहोंत ये-जा करणारी साधने एसक्यूएलअल्केमीच्या आधीही होती आणि बहुतेकांचे आश्वासन एकच होते, की तक्ता विसरा, एसक्यूएल आमच्यावर सोपवा. एसक्यूएलअल्केमीने ते आश्वासन दिले नाही. तिचे दोन थर आहेत. खाली ‘कोअर’, जिथे पायथनमधूनच, पण तक्ते आणि स्तंभ यांच्याच भाषेत क्वेरी बांधता येते. त्यावर ‘ओआरएम’, जो क्लास आणि तक्ता यांची सांगड घालतो. वरच्या थरात काम करताना खालचा थर दिसत राहावा, अशीच तिची रचना आहे. माझ्या मते हीच तिची खरी ताकद, आणि तिच्याविषयीच्या तक्रारींचे मूळही बहुतांशी इथेच आहे.

पहिला प्रश्न मांडणीचा येतो. गट आणि खातेदार यांचे नाते अनेकांचे अनेकांशी आहे, म्हणून नवखा डेव्हलपर मध्ये एक जोडतक्ता टाकतो, तो ‘सेकंडरी’ म्हणून जाहीर करतो आणि पुढे विसरून जातो. पण सातबाऱ्यावर प्रत्येक नावासमोर क्षेत्र असते, आकार असतो, ज्या फेरफाराने ते नाव लागले त्याचा क्रमांक असतो. ही माहिती ना गटाची, ना खातेदाराची. ती त्या दोघांमधल्या नात्याची आहे. मग नात्यालाच स्वतःचा क्लास द्यावा लागतो. लायब्ररीच्या दस्तऐवजात या पद्धतीला ‘असोसिएशन ऑब्जेक्ट’ म्हणतात. एकदा ‘धारणा’ नावाचा क्लास केला की गटाकडून गेले तर सातबारा तयार होतो, खातेदाराकडून गेले तर आठ-अ. पण हे सुचण्यासाठी तक्ता डोळ्यांसमोर असावा लागतो.

दुसरा प्रश्न वेगाचा, आणि सर्वाधिक डोकेदुखी इथेच होते. समजा गावात हजार गट आहेत आणि प्रत्येकाच्या धारणा छापायच्या आहेत. साधा लूप लिहिला तर गटांसाठी एक क्वेरी जाते आणि मग धारणांना हात लावताच दर गटामागे एक, अशा एकूण हजार एक. कोड वाचताना यातले काहीच दिसत नाही. ‘जॉइन्डलोड’ लावले तर सगळे एका क्वेरीत येते, पण बारा नावांच्या गटाची माहिती बारा ओळींत बारा वेळा वाहून आणली जाते. ‘सिलेक्टइनलोड’ आधी गट आणते आणि मग पाचशे-पाचशे किल्ल्यांची यादी देऊन धारणा मागवते, म्हणजे तीन क्वेऱ्यांत काम आटोपते. कोणते कुठे लावायचे याचा सरसकट नियम नाही. किती ओळी येणार, याचा अंदाज असणाऱ्यालाच ते ठरवता येते.

सेशनचेही, म्हणजे आणलेल्या वस्तू सांभाळून त्यांतले बदल डेटाबेसात लिहिणाऱ्या भागाचेही, तसेच. एका सेशनमध्ये एकाच प्राथमिक किल्लीची ओळ दोन वाटांनी आली तरी वस्तू एकच राहते. पाच गटांवरून पाच वेळा भेटलेला खातेदार एकच असतो आणि त्याचा पत्ता एकदा बदलला की सगळीकडे बदललेला दिसतो. नवा खातेदार आणि त्याच्या धारणा एकत्र नोंदवल्या, तर कोणती ओळ आधी घालायची हा क्रम लायब्ररी परकीय किल्ल्या पाहून स्वतः लावते. पण तिची ओळख किल्लीपुरतीच. एका गटावर ‘दत्तात्रय’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तू’ असे एकाच माणसाचे नाव दोन क्रमांकांनी लागले असेल, तर तिच्या लेखी ती दोन माणसे. ते मिटवायला तलाठ्याकडेच जावे लागते.

यावर आक्षेप येतो, की तक्ते आणि एसक्यूएल समजायलाच हवे असेल तर थेट एसक्यूएलच का लिहू नये? गावनिहाय एकूण क्षेत्र काढण्यासारख्या अहवालांपुरता तो मला मान्य आहे. तिथे वस्तू तयार करण्यात अर्थ नाही, कोअरची क्वेरी किंवा सरळ एसक्यूएल पुरते. पण शोधाच्या फॉर्मवर गाव, गट, नाव यांपैकी वापरणारा काहीही भरेल किंवा सोडेल, तेव्हा मजकुराचे तुकडे चिकटवून क्वेरी बनवणे म्हणजे चुकांना आणि एसक्यूएल इंजेक्शनच्या धोक्याला आमंत्रण. अटी एकेक करून जोडता येणारी क्वेरी तिथे कामी येते. दुसरा आक्षेप जँगो या पायथनमधल्याच वेब-फ्रेमवर्कच्या बाजूने येतो, की त्याचे ओआरएम शिकायला सोपे. सोपे आहेच. नव्या कोऱ्या वेबसाइटला मी तेच सुचवीन. पण आधीपासून चालत आलेल्या डेटाबेसमध्ये गावाचा संकेतांक आणि गट नंबर मिळून एक किल्ली होते, तशा संयुक्त किल्ल्या जँगोत एप्रिल 2025 च्या 5.2 आवृत्तीत आल्या. एसक्यूएलअल्केमीत त्या कितीतरी आधीपासून होत्या, कारण तिने तक्ता आहे तसा गृहीत धरला होता.

जानेवारी 2023 मधल्या एसक्यूएलअल्केमीच्या 2.0 आवृत्तीवरही बरीच कुरकुर झाली. जुनी ‘क्वेरी’ची पद्धत मागे पडली, दोन्ही थरांसाठी ‘सिलेक्ट’ एकच झाले, आणि कोअरमध्ये न सांगता होणारे कमिट बंद झाले. जुना कोड बदलणाऱ्यांचे हाल झाले हे खरे, आणि हजारो ओळींचे दस्तऐवज वाचण्याचा कंटाळाही समजण्यासारखा आहे. पण बदलाची दिशा सुसंगत होती. जे आडून घडत होते ते उघड लिहायला लागले.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. नात्यातली माहिती हात लागताच गुपचूप मागवण्याची ‘लेझी’ सवय अजूनही मूळ पर्याय म्हणून कायम आहे. 1.4 मध्ये असिंकआयओची, म्हणजे पायथनमधल्या असमकालिक कामाची, सोय आली तेव्हा ही सवय उघडी पडली. आधी न मागवलेल्या धारणांना तिथे हात लावला की माहिती येत नाही, ‘मिसिंगग्रीनलेट’ची चूक येते. डेव्हलपर त्यावर चिडतात, पण ती चूक खरे तेच सांगते, की इथे डेटाबेसकडे एक फेरी होणार होती आणि तुम्ही ती मागितली नव्हती. साध्या सेशनमध्येही नात्याला ‘लेझी’चा पर्याय ‘रेज’ असा दिला तर हाच धाक मिळतो. वीस वर्षांचा जुना कोड मोडेल म्हणून बायर ते सगळ्यांवर लादणार नाहीत. नव्या प्रकल्पात मात्र पहिल्याच दिवशी, धारणांचा क्लास लिहितानाच, ते लावून टाकायला काही अडचण नाही.